खाडीकाठची अकरा घरे

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी बंधूंच्या घरोघरी एक नवा विषय वरचेवर निघू लागला आहे. पूर्वी चार पैसे गाठीला जमले म्हणजे पेठेत आणखी एक गाळा घ्यावा, किंवा गावाबाहेर गोदामासाठी जागा पाहून ठेवावी, असा विचार होत असे. आता मुलेबाळे पुण्या-बंगळुरास, जमले तर परदेशी. दुकानावर बसणारे उरलो आम्ही साठीच्या घरातले. तेव्हा उतारवयात समुद्राकाठी एखादे घर असावे, सुटीत नातवंडे तेथे जमावीत, ही इच्छा स्वाभाविकच म्हटली पाहिजे. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की तीन-साडेतीन तासांत गोव्याचे खारे वारे अंगाला लागतात. त्या वाऱ्याने भल्याभल्यांची हिशेबी बुद्धी सैल पडते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

प्रस्तुत लेखक इंजिनियर नव्हे. चाळीस वर्षे लोखंड आणि सिमेंट विकण्यात गेली. तथापि आमच्या परिचयातील अकरा कुटुंबांनी मिळून उत्तर गोव्यातील एका खाडीकाठी पाच एकर जमिनीवर लहानशी वसाहत उभारण्याचे मनावर घेतले, तेव्हा "तुम्ही बांधकामाच्या मालातले, तुम्हीच जरा बघा" म्हणून ते काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने गेल्या वर्षभरात जे पाहिले, ऐकले आणि शिकलो ते संघाच्या बंधु-भगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. गावाचे व विकसकाचे नाव येथे देत नाही. व्यवहार अद्याप पुरा व्हावयाचा आहे, आणि सगळा दोष एकाच पक्षाचा होता असेही नाही.

जागा प्रथम पाहिली ती चैत्रात. जमीन हातासारखी सपाट, वर तांबडा मुरूम पसरलेला, पश्चिमेस खाडी, पलीकडे माडांची रांग. विकसकाने दिलेला नकाशा रंगीत होता. त्यात अकरा बंगले, मधोमध बाग, पश्चिमेच्या बाजूस मनोरंजनगृह आणि पोहण्याचा तलाव. अकरांपैकी सहा घरे खाडीला लागून होती. त्यांची किंमत अधिक आणि मागणीही त्यांनाच अधिक. कोणाला कोणते घर यावर परतीच्या प्रवासात गाडीतच थोडी बोलाचाली झाली. एक अनुभवी, आता सेवानिवृत्त झालेले स्थापत्य अभियंते मी बरोबर नेले होते. ते मात्र नकाशाकडे न पाहता दीड तास खाडीच्या कडेने हिंडत होते. शेवटी त्यांनी विकसकाच्या माणसाला एकच प्रश्न विचारला : "पावसाचे पाणी कोठून बाहेर जाणार?"

"खाडीत," तो म्हणाला. "खाडी तर समोरच आहे."

"आणि भरतीच्या वेळी?"

त्यावर त्या माणसाने हसून सांगितले की जागा समुद्रसपाटीपासून सव्वा मीटर उंच आहे, काळजीचे कारण नाही. आम्हा सर्वांचे समाधान झाले. इंजिनियरसाहेबांचे झाले नाही.

येथे एक गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण समुद्राकाठच्या जमिनीचा सगळा व्यवहार तिच्यावर अवलंबून असतो, आणि खरेदीखताच्या कागदांत ती कोठेही लिहिलेली नसते. जमिनीची उंची मोजतात ती समुद्राच्या सरासरी पातळीपासून. भरतीच्या कोष्टकांतले आकडे मात्र दुसऱ्याच पातळीपासून मोजलेले असतात. जहाजांच्या सोयीसाठी ती पातळी जवळजवळ नीचतम ओहोटीला धरलेली असते. या दोन शून्यांमध्ये मुंबईस सुमारे अडीच मीटरांचे अंतर आहे, मार्मागोव्यास सुमारे सव्वा मीटरांचे. कोष्टकातला आकडा आणि सातबाऱ्यावरच्या जमिनीची उंची सरळ शेजारी मांडणारा मनुष्य म्हणजे एका पेढीचे जमाखर्च रुपयांत आणि दुसरीचे पौंडांत लिहून बेरीज करणाराच होय. दोन्ही आकडे एका शून्यावर आणल्यावर आमच्या जागेचा हिशेब असा निघाला : साहेबांनी पुढे स्वतः मोजणी करून घेतली तेव्हा जमिनीची सरासरी उंची सव्वा नव्हे तर १.१ मीटर भरली. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी सरासरी पातळीच्या वर सुमारे एक मीटर चढते. पावसाळी वारा आणि वरून येणारे नदीचे पाणी यांची भर वेगळीच.

आता गटाराचा विचार करावा. गटार सुरुवातीस जमिनीखाली निदान साठ सेंटिमीटर असावयास हवे. पाणी वाहण्यासाठी त्याला पाचशेस एक एवढा तरी उतार हवा, म्हणजे दोनशे मीटर लांबीत चाळीस सेंटिमीटर. एक मीटर दहा सेंटिमीटरांतून हे दोन्ही वजा जाता खाडीकडच्या तोंडाशी गटाराचा तळ सरासरी समुद्रपातळीच्या वर केवळ दहा सेंटिमीटर उरतो. भरती-ओहोटीचे एक चक्र सुमारे साडेबारा तासांचे. त्यातला जवळजवळ निम्मा वेळ, म्हणजे सहा तासांच्या आसपास, हे तोंड पाण्याखाली राहणार, आणि असे दिवसातून दोनदा. त्या सहा तासांत पाऊस पडला तर पाणी बाहेर जाणे दूरच, तोंडाला झडप नसेल तर खाडीच उलट गटारातून आपल्या अंगणात येईल.

साहेबांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर पुढचे गणित मांडले. पाच एकर म्हणजे ठोकळमानाने वीस हजार चौरस मीटर. कोकणच्या एखाद्या जोरदार पावसात सहा तासांत दीडशे मिलिमीटर पाणी पडणे अशक्य नाही. घरे, रस्ते आणि फरशी झाल्यावर त्यातील पाचांत चार हिस्से वाहते पाणी होणार, म्हणजे २,४०० घनमीटर. समुद्राने दार लावलेले असताना हे पाणी कोठेतरी उभे राहिलेच पाहिजे. चांगली एक मीटर खोली मिळाली असे धरले तरी त्याला २,४०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ चोवीस गुंठे जागा लागते. पाच एकरांचे दोनशे गुंठे, त्यांतले चोवीस. "नकाशात ही जागा दाखवा," ते म्हणाले. नकाशात तेथे मनोरंजनगृह होते.

आमच्यापैकी एका गृहस्थांनी तेव्हा ऐकवलेले वाक्य मी विसरणार नाही : "सिमेंटचा धंदा तुमचा, आणि बांधकामात खोडाही तुम्हीच घालता!"

खरे पाहता साहेबांनी काही नवीन काढले नव्हते. गोव्यातील शेतकऱ्यांना ही विद्या कित्येक शतके अवगत आहे. खाड्यांच्या काठच्या खाजन जमिनी भरतीच्या पातळीहून खाली आहेत. त्यांच्याभोवती चिखल-मातीचे आणि जांभ्या दगडाचे बांध घातलेले असतात, आणि बांधात ठिकठिकाणी 'मानस' म्हणजे लाकडी दारे बसविलेली असतात. या दारांना राखणदार लागत नाही. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतील पाणी त्याला उघडून बाहेर पडते. दार मिटलेले असताना शेताचे पाणी जमते ते 'पोंय' म्हणून मुद्दाम राखलेल्या आतल्या पाणथळीत. मानसीपाशी जाळे लावून मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होई. महाराष्ट्राच्या कोकणात खारबंदिस्तीच्या बांधांना अशाच 'उघाड्या' असतात. बांध, एकाच दिशेने उघडणारे दार आणि पाणी थांबण्याची जागा या तिहींपैकी एक जरी निखळले, तरी उरलेली दोन निरुपयोगी ठरतात. गावकऱ्यांच्या संस्था दुबळ्या झाल्या, १९६४च्या कूळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी नव्या मंडळींकडे गेली, आणि पुष्कळ ठिकाणी दुरुस्ती मागे पडून शेतांत खारे पाणी शिरले. आज तेथे खारफुटी वाढलेली दिसते.

हीच योजना शहराच्या मापाने केलेली पाहावयाची असेल तर नवी मुंबईस जावे. माझी कन्या वाशीस दिली आहे, त्यामुळे तिच्या घराजवळच्या तळ्याभोवती मी वर्षानुवर्षे प्रभातफेरी केली होती. परंतु ते तळे शोभेचे नसून कामाचे आहे हे मला या वर्षी कळले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठची सखल जमीन वसविण्याचे काम तिच्याकडे आले. सगळी जमीन उधाणाच्या वर उचलावयाची तर डोंगरच्या डोंगर कापून आणावे लागले असते. म्हणून हॉलंडच्या धर्तीवर भराव बेताचा ठेवून खाडीच्या कडेने धारण तलाव राखण्यात आले. भरतीत तलावाच्या तोंडाची झडप बंद होते आणि वसाहतीचे पाणी तलावात साठते. ओहोटीला ते खाडीत जाते. मानस आणि पोंय, फक्त काँक्रीटची व लोखंडाची! आता या तलावांत गाळ साचला आहे, खारफुटी उगवली आहे, आणि खारफुटी तोडण्यास उच्च न्यायालयाची परवानगी लागत असल्याने गाळ काढण्याचे काम वर्षानुवर्षे अडून राहते. वसाहत बांधणारा एकदा बांधून मोकळा होतो. तळे मात्र दरवर्षी खर्च मागते. आमच्या अकरा कुटुंबांच्या करारात त्या खर्चाचे कलमच नव्हते.

ज्यांनी पाण्याची ही जागा अगोदर राखली नाही त्यांची अवस्था मुंबईत दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर नेमलेल्या चितळे समितीच्या अहवालात मुंबईच्या पावसाळी गटारांच्या समुद्राकडील १८६ तोंडांचा हिशेब आहे. त्यांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, १३५ त्या पातळीच्या वर पण भरतीच्या खाली, आणि भरतीच्या वर असलेली केवळ ६. पुढे हाजी अली, इर्ला वगैरे ठिकाणी प्रचंड पंप बसवावे लागले. नैसर्गिक उताराने फुकट जाणारे पाणी विजेने उचलावयाचे म्हणजे कायमचे व्याज भरत राहणे होय.

समुद्र हटवून घरे बांधण्याचा मोह व्यापाऱ्यांना नवा नाही, आणि या बाबतीत आपल्याच समाजाचा एक मोठा दाखला आहे. सुरतेचे प्रेमचंद रायचंद हे जैन. मुंबईचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते हेच. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले, आणि त्या पैशाने जो सट्टा माजला त्याचे प्रेमचंदशेठ हे अग्रणी. बॅकबे म्हणजे मुंबईच्या पश्चिमेचा उपसागर भरून काढण्यासाठी निघालेल्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढला होता. अद्याप समुद्र जागच्या जागीच होता! १८६५च्या वसंतात युद्ध थांबले, १ जुलैला वायद्यांची मुदत भरली, आणि काही महिन्यांत तोच भाग दोन हजारांनाही कोणी घेईना. कित्येक पेढ्या बुडाल्या. स्वतः प्रेमचंदशेठही त्यातून सुटले नाहीत.

या कथेचा उत्तरार्ध इंजिनियरांच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. १९२०च्या सुमारास मुंबई सरकारने ती योजना पुन्हा हाती घेतली. ११४५ एकर जमीन समुद्रातून काढावयाची होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचेच नाव दिलेले ड्रेजर गाळ उपसण्यास आले. परंतु उपशाचे काम अंदाजाच्या मानाने फारच थोडे होऊ लागले, आणि जो चिखल आणून टाकावा तो दगडी बांधाच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. १९२६ साली चौकशी समिती बसली. खात्यातील हार्वे नावाच्या अभियंत्याने लावलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यातून नरिमन सुटले. अखेर सुमारे ४४० एकरांवर समाधान मानावे लागले. मरीन ड्राइव्हच्या सुंदर इमारती त्याच जमिनीवर उभ्या आहेत, आणि समुद्राचा मारा सोसण्यासाठी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे रचण्यात आले. पुढे आणखी भराव घालून जो व्यापारी भाग निर्माण झाला त्याला नाव मिळाले ते टीका करणाऱ्या नरिमनांचे. चूक कोठे झाली याचे उत्तर थोडक्यात असे की तळाची माती काय आहे आणि भराव कशाने अडवावयाचा, हे प्रश्न पैसा उभा करून झाल्यावर विचारले गेले.

म्हणून आमच्या साहेबांचा दुसरा आग्रह माती-परीक्षणाचा होता. विकसकाच्या म्हणण्याप्रमाणे शेजारच्या जागेचा अहवाल पुरेसा होता. साहेबांनी ऐकले नाही. खर्च आम्ही अकरांनी वाटून घेतला. वैशाखात तीन ठिकाणी बोअर घेण्यात आले. ही चाचणी पाहण्यासारखी असते. साडेत्रेसष्ट किलोंचा हातोडा पाऊण मीटर उंचीवरून सळईवर सोडतात, आणि सळई तीस सेंटिमीटर खाली जाण्यास किती ठोके लागले ते मोजतात. पूर्वेकडच्या दोन बोअरांत थोड्याशा मुरमाखाली कठीण जांभी माती लागली. वीस, तीस, पुढे पन्नास ठोके. पश्चिमेच्या बोअरात वर सव्वा मीटर मुरूम, आणि त्याखाली काळा, वास मारणारा चिखल. त्यात शिंपल्यांचे तुकडे होते. तेथे दोन ठोक्यांत सळई खाली जाई. एका ठिकाणी तर हातोडा नुसता ठेवला तेवढ्याने गेली.

काम चालू असताना शेजारच्या वाड्यातील एक वृद्ध गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांनी तो चिखल बोटांत घेतला आणि कोकणीत म्हणाले, "शेट, ही पोंय. आम्ही येथे मासे धरले आहेत."

आता सर्व उलगडा झाला. १.१ मीटर उंचीच्या जमिनीवर सव्वा मीटर भराव, याचा अर्थ मूळ जमीन सरासरी समुद्रपातळीच्याही खाली होती. जागेचा पश्चिमेकडील जवळजवळ तिसरा हिस्सा, ज्याच्यावर सहा महागडी घरे काढलेली होती, तो बुजविलेल्या खाजनाचा होता. कागदपत्रांत रूपांतराची सनद व्यवस्थित जोडलेली होती. कागदांनी जे झाकले ते चिखलाने सांगितले.

या मऊ चिखलावर घर उभे राहणारच नाही असे नाही. खोल खांब, ज्यांना पाइल म्हणतात, ते खालच्या कठीण थरापर्यंत नेले की घर उभे राहते. पण वर नवा भराव टाकला म्हणजे त्याच्या भाराने चिखलातील पाणी हळूहळू निघून चिखल वर्षानुवर्षे खचत राहतो, आणि खचताना तो पाइलला धरून खाली ओढतो. जो थर आधार देईल असे वाटते तोच ओझे होऊन बसतो, आणि हे ओझे हिशेबात धरून पाइल अधिक खोल व अधिक जाड करावे लागतात. शिवाय पाइलवर असते ते घर. रस्ता, गटार, पाण्याचे नळ, मैल्याची टाकी यांना कोण पाइल देतो? घर जागच्या जागी राहते आणि अंगण खाली जाते. दहा वर्षांनी पहिली पायरी अधांतरी लोंबते, आणि भिंतीतून बाहेर पडणारे नळ नेमके भिंतीपाशी तुटतात. अशी घरे मी पुढे दोन ठिकाणी डोळ्यांनी पाहिली.

कायद्याची बाजूही सांगणे प्राप्त आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची. त्यानंतर २०११ची आणि २०१९ची. २०११च्या अधिसूचनेत खाजन जमिनींचे रक्षण करावे व त्यांत विकासकाम होऊ देऊ नये असे गोव्यापुरते स्पष्ट म्हटले आहे. भरती-ओहोटीच्या खाडीकाठी तिने शंभर मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल तेवढे अंतर धरले होते. २०१९च्या अधिसूचनेने ते पन्नास मीटर किंवा खाडीची रुंदी असे केले. राज्याचा नवा आराखडा मंजूर होईपर्यंत मात्र जुनीच अधिसूचना लागू राहते. तेव्हा विकसक पन्नास मीटर म्हणाला तर कोणत्या आराखड्यानुसार, हे विचारावे. गोव्याने २०२३ साली शेतजमीन बिगरशेतकऱ्यांस हस्तांतरित करण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला, तोही लक्षात ठेवावा. स्थानिक संस्थेचा परवाना हाती आहे म्हणून निश्चिंत राहू नये. केरळात कोचीजवळ मरडू येथे ग्रामपंचायतीने २००६ साली परवाने दिले होते. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या इमारती नियमबाह्य ठरविल्या, आणि ११ व १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत चार संकुले सुरुंग लावून पाडण्यात आली. राहणाऱ्यांना प्रत्येकी पंचवीस लाखांची अंतरिम भरपाई द्यावी असा आदेश होता. समुद्राकाठच्या घराच्या किमतीपुढे ती रक्कम किती, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

माझ्या स्वतःच्या मालाविषयी दोन शब्द. खाऱ्या हवेतील मिठाचे कण काँक्रीटमधून आत शिरून सळईपर्यंत पोहोचतात, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापीत असल्यामुळे काँक्रीट आतून फुटते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे उघड्या किनारी वातावरणात निदान एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण हवे. समुद्राचे तुषार अंगावर येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. आमच्या विकसकाच्या तपशिलात एम-२० आणि २० मिलिमीटर होते, जे बेळगावच्या घरात, कोरड्या खोलीत चालेल. गिऱ्हाईक दुकानात येऊन सर्वांत महाग सिमेंट मागते. आवरणाचे ठोकळे मात्र आणे-दोन आण्यांची वस्तू म्हणून विसरते, आणि कामावर मजूर सळईखाली खडीचा तुकडा सरकवतो. माझ्या मते किनाऱ्यावर घराचे आयुष्य त्या ठोकळ्यावर ठरते. खाडीची रेती वापरू नये. सल्फेटरोधक सिमेंट महाग म्हणून किनाऱ्याला चांगले, हाही गैरसमज आहे. मिठाच्या शिरकावाविरुद्ध स्लॅगचे किंवा राखमिश्रित सिमेंट अधिक उपयोगी पडते. हे मी माझा नफा कमी करून लिहितो आहे याची नोंद घ्यावी.

विहिरीचेही असेच. किनाऱ्याच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल तर खाली चाळीस फूट गोडे पाणी मिळते. उलट पंपाने ती पातळी एक फूट उतरवली की खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर येते. अकरा घरे आणि पोहण्याचा तलाव यांना एका कूपनलिकेवर ठेवणे म्हणजे दोन-चार उन्हाळ्यांत ती खारट करून घेणे होय. पावसाळ्यात तेथे हातभर खणले की पाणी लागते, म्हणून शोषखड्डेही चालत नाहीत. मैलापाण्याचे बंदिस्त शुद्धीकरण हवे.

साहेबांनी नवा नकाशा काढला आहे. त्यात पश्चिमेचा भराव काढून तो हिस्सा पूर्ववत् खाजनासाठी सोडावयाचा, म्हणजे पाणी थांबण्याचे काम तो आपोआप करील. मोडलेली मानस गावकऱ्यांच्या संमतीने दुरुस्त करावयाची. आणि घरे पूर्वेच्या कठीण जमिनीवर. सगळी जमीन उचलावयाची नाही, कारण आपण दोन मीटर उंच झालो की आपले पाणी शेजारच्या भातशेतात जाते. त्याऐवजी फक्त जोती उंच. अशा मांडणीत आठच घरे बसतात. तीन कुटुंबांनी बयाणा परत मागितला आहे. त्यांतल्या एका घराशी आमचे बोलणे तूर्त बंद आहे. विकसकाने जमिनीची किंमत उतरवण्याचे अद्याप मान्य केलेले नाही.

पावसाळ्यापूर्वी आम्ही जागेच्या मध्यावर एक खांब रोवला. त्यावर विकसकाच्या मूळ नकाशातील जोत्याची उंची, जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर, लाल रेघेने दाखविली. श्रावणी अमावास्येच्या उधाणाला दोन दिवस पाऊस लागून होता. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरले होते आणि खांबावर गाळाची रेघ उमटली होती. ती लाल रेघेच्या चार बोटे खाली होती, आणि तेही भोवतालची शेते अजून मोकळी असताना. खांब तेथेच आहे. करारावर सह्या करण्याची मुदत दिवाळीनंतर पंधरा दिवसांची ठरली असून, त्यापूर्वीच्या रविवारी आम्ही सर्वजण तेथे जाणार आहोत. संघाच्या ज्या बंधूंना बरोबर यावयाचे असेल त्यांनी आदल्या दिवशी दुकानावर निरोप द्यावा. गाडी पहाटे साडेपाचला निघेल, कारण भरती सकाळी आहे.